साळुंकीची खोली

एका राज्यात भिंतींना वाचा होती. बोलायचं भान नव्हतं ते माणसांना, आणि त्यांत पहिला नंबर राजा धवलकेतूचा. राजा मनाचा वाईट नव्हता हो, पण जिभेला हाड नाही म्हणतात ना, त्यातली गत. त्याची धाकटी बहीण इंदुलेखा. नवरा गेला, सासर तुटलं, आणि बिचारी एक पेटी घेऊन माहेरी आली. नेमकी तिन्हीसांजेची वेळ. राजा दरबारातून तणतणत आलेला. बहिणीला पाहून तो बोलून गेला, "या महालात आता तुला जागा नाही."

तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे शेंबडं पोरही जाणतं. महालाची जुनी भिंत तथास्तु म्हणाली. उंबऱ्यात पेटी उरली आणि पेटीवर, इंदुलेखेच्या जागी, माणसासारखं बोलणारी एक साळुंकी बसलेली.

राजाने भिंतीवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला. भिंतीलाही वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेणं तिच्याही हाती नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या अंगाला लागून हिच्यासाठी खोली बांध. छत चढल्यावर सूर्य उगवून मावळेतो खोली उभी राहिली, तर बहीण मिळेल. पडली, तर दर खेपेला हिची एक तृतीयांश बोली जाईल. तिसऱ्यांदा पडली, तर ही साळुंकीच राहील."

झालं. राज्यात दवंडी पिटली. पहिला आला मायाधर, मंत्र जाणणारा गवंडी. राजाने एकच अट सांगितली, की जुन्या भिंतीला छिन्नी लावायची नाही, सात पिढ्यांची तशी आण आहे. मायाधर म्हणाला, जशी आज्ञा. त्याने फुंकर मारली, विटा उडत आल्या आणि आपणहून रचल्या गेल्या. सकाळी छत चढलं आणि राजा जेवायला बसतो न बसतो तोच खोली कोसळली. साळुंकी माणसांची नावं विसरली.

दुसरा आला तो शिल्पशिरोमणी. त्याच्या पदव्या वाचायला दोन भालदार लागले. तोही म्हणाला, जशी आज्ञा. मग तो पालखीतून खाली उतरलाच नाही. काम केलं भलत्यांनी, नाव त्याचं. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. जुनी आणि नवी भिंत भेटते तिथे दुपारी चीर गेली आणि उन्हं उतरायच्या आत मातीचा ढीग झाला. आता साळुंकीपाशी मोजके शब्द उरले, पाणी, ऊन, नको आणि दादा. दादा म्हणाली की राजाच्या काळजात कळ उठायची.

तिसऱ्या खेपेला, तिसऱ्या वर्षी, राजा शहाणा झाला. साळुंकीला मनगटावर घेऊन तो पायी निघाला. गवंड्यांना काही विचारलंच नाही, विचारलं ते त्यांनी बांधलेल्या भिंतींना. कुंभाराच्या घरची भिंत म्हणाली, माझ्यात चुना कमी आणि वाळू फार, दर पावसाळ्यात मी रडते. व्यापाऱ्याची भिंत म्हणाली, माझा गवंडी गुणी होता, पण अर्ध्यावर सोडून दुसऱ्या कामाला पळाला, पुढचं कुणी बांधलं ते मलाही ठाऊक नाही. विणकराच्या घराला मागून वाढवलेली एक खोली होती. तिची भिंत म्हणाली, "मला म्हाळसा गवंडिणीने बांधलं. अकरा पावसाळे झाले. ती अजून वर्षाला एकदा येते आणि माझ्या पाठीवर थाप मारून ऐकते." राजाने म्हाळसेला बोलावणं पाठवलं.

म्हाळसा आली. वयाने पन्नाशीची, कमरेला भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा. मुजरा केला न केला आणि अर्धा दिवस जुनी भिंत ठोकत, कान लावत फिरली. मग साळुंकीपुढे बसून तिने विचारलं, की बाई, खिडकी कुठे हवी? साळुंकी उडाली आणि पूर्वेला, तळ्याच्या बाजूला जाऊन बसली. हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं, राजानेसुद्धा नाही. त्याला फार ओशाळल्यासारखं झालं.

पण आण ती आण. राजाने अट सांगितली.

"मग हे काम माझ्याने होणार नाही, महाराज."

"आधीचे दोघेही हो म्हणाले होते."

"म्हणून तर पडलं. नवी भिंत जुनीला नुसती टेकवली, तर ती पाहुणी. जुनीत दाते काढून वीट विटेत गुंतवली, तर ती घरची."

"आणि माझी आण?"

"ते भिंतीला विचारा. तिचं अंग आहे."

राजाने विचारलं. भिंत म्हणाली, "आण तुझ्या वाडवडिलांनी घेतली, माझं मत कुणी घेतलं नाही. दुखेल मला. पण पोरगी माझीही आहे."

राजाने छिन्नी मागून घेतली. पहिला घाव त्याने स्वतः घातला. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं, तरी थांबला नाही.

बांधकाम झालं तसे दरबारी छत चढवायची घाई करू लागले. म्हाळसा म्हणाली, एकवीस दिवस भिंतीला पाणी मारायचं, त्याआधी छत नाही. एकवीस दिवस राजाने आपल्या हाताने पाणी मारलं. बाविसाव्या दिवशी पहाटे छत चढलं. दुपारी वाशांतून कर्र आवाज आला आणि राजा धावत आला. म्हाळसा चुना मळत तिथेच बसली होती. तिने मान वर केली नाही. "खोली जागेवर बसतेय," एवढंच म्हणाली.

खोलीची लांब सावली तळ्यापलीकडच्या डोंगरापर्यंत टाकून सूर्य मावळला. खोली उभी होती. आणि खोलीत, खिडकीपाशी, इंदुलेखा उभी होती.

गेलेली बोली सगळी परत आली होती. राजाला वाटलं, आता ही रागावेल, जाब विचारेल, आणि विचारावाच. पण तीन वर्षं फांदीवर पाय आवळून डुलक्या काढलेली बाई ती. तिने भिंतीला पाठ लावली, हळूच खाली सरकली, जमिनीवर हातपाय पसरून आडवी झाली आणि झोपली. राजाने दारातल्या नगारेवाल्यांना हातानेच थांबवलं आणि तो बाहेर पायरीवर बसून राहिला.

ज्याला पाठ टेकायला भिंत नाही त्याला ती मिळो, आणि बांधणारी म्हाळसेसारखी मिळो. आमची कथा इथेच टेकली.