पाचव्या वळणावरचा पिवळा दिवा

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक वृद्ध मिस्त्री होते. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाचं पूर्ण नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं; ‘मिस्त्री’ एवढं म्हटलं की पुरे. त्यांच्या गॅरेजमध्ये शर्वरी नावाची एक शिष्या काम शिकत होती. वाहनदुरुस्तीची पदविका घेऊन आलेली, वय सव्वीस, हात चपळ आणि बुद्धी तल्लख. प्रश्न विचारून होण्याआधी तिचं उत्तर तयार असे.

त्याच गावात बोंगाळे नावाचे एक शिंपी राहत. शाळेचे गणवेश शिवून त्यांचा संसार चाले. त्यांची मुलगी स्वरा पाच वर्षांची होती. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली, कानामागे यंत्र बसलं आणि आवाज तिच्यापर्यंत पोहोचू लागले. परंतु ऐकू आलं म्हणजे लगेच बोलता येतं असं नसतं. बोलायला शिकवणारा वर्ग घाटापलीकडच्या शहरात होता, आठवड्यातून तीन दिवस. एसटीने जाताना पोरीला उलट्या होत, आणि वर्गात पोहोचेपर्यंत ती अगदी मलूल होऊन जाई. आपली गाडी असेल तर हळू नेता येईल, वाटेत थांबता येईल, या विचाराने बोंगाळ्यांनी नऊ वर्षं वापरलेली एक छोटी गाडी घेतली.

गाडी तशी बरी होती. फक्त घाट चढायला लागली की काही वेळाने चालकासमोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागे.

बोंगाळे भित्रे नव्हते. पण गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि मागच्या सीटवर पोर बसलेली असे. दिवा लागला की ते जागा बघून गाडी वळवत आणि घरी परत येत. त्या दिवशीचा वर्ग बुडे.

मिस्त्री त्या सुमारास गॅरेजमध्ये नव्हते. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यामुळे दीड महिना ते घरीच होते, आणि गॅरेज शर्वरीवर सोपवलेलं होतं. बोंगाळे पहिल्यांदा आले तेव्हा तिने गाडीला स्कॅनर जोडला. हे हातात मावणारं यंत्र गाडीच्या संगणकाशी बोलतं. दिवा का लागला याचा क्रमांक दाखवतं, आणि एक बटण दाबलं की दिवा विझवतंही. क्रमांक धुराच्या पाइपवरच्या सेन्सरचा होता. शर्वरीने सेन्सर बदलला, बटण दाबलं, दिवा विझला. “झालं, दादा,” ती म्हणाली. चार दिवसांनी बोंगाळे परत आले. तिने प्लग बदलले, बटण दाबलं. ते पुन्हा आले. तिने प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल बदलली. त्यानंतर इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर बदलला. दर वेळी दिवा विझला, दर वेळी ती ‘झालं’ म्हणाली, आणि दर वेळी घाटात तो पुन्हा लागला.

मिस्त्री काळा चष्मा लावून गॅरेजमध्ये परतले, त्याच सकाळी बोंगाळे पाचव्यांदा आले.

“ताई, गाडीला गिऱ्हाईक असेल तर बघा,” ते म्हणाले. “आम्ही आपले एसटीनंच जाऊ.”

“परत लागला?”

“लागला. नऊ वर्ग बुडाले आमचे. तिथल्या बाई म्हणाल्या, पोर ‘क’ म्हणायला लागली होती, आता परत ‘त’वर आलीय. ‘काका’ ऐवजी ‘ताता’ म्हणो, काही म्हणो, माझं काय जातंय? पण बाई म्हणतात, हे वय निघून गेलं की फार जड जातं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर शर्वरीला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. “गाडी आजचा दिवस इथं राहू द्या,” ते म्हणाले. “उद्या तुमच्या वर्गाच्या वेळेला आपण सगळेच जाऊ. मग विकायची तर खुशाल विका.”

बोंगाळे गेल्यावर ते शर्वरीकडे वळले.

“जुने भाग ठेवलेत?”

“हो. दादांना दाखवायला खोक्यात ठेवलेत.”

“चांगलं केलंस. आता तू लावलेलं नवं सगळं काढ, आणि जुनं होतं तसं परत लाव.”

शर्वरीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “मिस्त्री, नव्या भागांत काही दोष नाही. एकेक तपासून लावलाय मी.”

“नसेलच दोष. काढ.”

“आणि दिवा? जुने भाग लावल्यावर बटण दाबू ना?”

“एकदा दाब. मग उद्या तो लागला की मात्र त्याला हात लावू नकोस.”

डोळ्यांबरोबर मिस्त्रींचं आणखी काही बदललं की काय, असा एक वाईट विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने तो बोलून दाखवला नाही. पाने मात्र जरा जास्तच आवाज करत उचलले. चांगला भाग काढून खराब भाग बसवायचा, ही कुठली दुरुस्ती? रस्त्याने जाणाऱ्या कुणी पाहिलं तर काय म्हणेल?

मिस्त्री स्टूल ओढून बॉनेटपाशी बसले. शेवटी लावलेला हवेचा सेन्सर पहिल्यांदा निघाला.

“हा कशासाठी बदललास?” त्यांनी विचारलं.

“हवा कमीजास्त मोजली गेली तर धुराच्या सेन्सरचाही हिशेब चुकतो. म्हणून वाटलं…”

“हवा कमीजास्त मोजली जात होती?”

“ते… तसं बघितलं नाही.”

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यात उपहास नव्हता. मग कॉइल निघाली.

“आणि ही?”

“प्लग बदलूनही दिवा लागला होता. मग कॉइलच असणार असं वाटलं.”

“प्लग काढलेस तेव्हा कसे दिसत होते?”

शर्वरीने खोक्यातला एक जुना प्लग उचलला आणि उजेडात धरला. टोक स्वच्छ, फिकट तपकिरी. नीट जळणाऱ्या इंजिनचा प्लग जसा असावा तसा. पहिल्यांदा काढला तेव्हाही तो असाच असणार. तिने तेव्हा त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

दुपारपर्यंत प्लगही जागेवर गेले आणि ती गाडीखाली सरकली. धुराच्या पाइपवरचा सेन्सर, तिने सगळ्यांत आधी बदललेला, आता सगळ्यांत शेवटी हातात आला.

“हा?” वरून प्रश्न आला.

तिने सेन्सर छातीवर ठेवला.

“दिवा बंद व्हावा म्हणून,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौघे निघाले. बोंगाळे गाडी चालवत होते, मिस्त्री शेजारी, मागे शर्वरी आणि स्वरा. स्वराने शर्वरीच्या मांडीवरचा स्कॅनर कुतूहलाने हातात घेऊन पाहिला आणि स्वतःच्या कानामागच्या यंत्राला बोट लावून ती हसली.

घाट सुरू होण्याआधी मिस्त्रींनी विचारलं, “बोंगाळे, दिवा नेमका लागतो कुठं?”

“पाचव्या वळणावर,” बोंगाळे ताबडतोब म्हणाले. “तिथं चढ उभा आहे, गाडी दुसऱ्या गिअरवर घ्यावी लागते. सपाटीला कधी म्हणून लागला नाही. एकदा मी एकटाच होतो, गाडी रिकामी होती, तेव्हाही नाही लागला.”

शर्वरी पुढे झुकली. “दादा, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

“बोलायला लागलो की तुमचं यंत्र जोडलेलं असायचं, ताई,” बोंगाळे संकोचाने म्हणाले. “म्हटलं, यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल.”

पाचवं वळण आलं. गाडी दुसऱ्या गिअरवर आली, इंजिनचा आवाज जड झाला, आणि पिवळा दिवा लागला. बोंगाळ्यांचे डोळे सवयीने वळवायला जागा शोधू लागले.

“वळवू नका,” मिस्त्री म्हणाले. “इंजिन मऊ चालतंय. पुढं रुंद जागा आहे, तिथं बाजूला घ्या.”

गाडी थांबली. शर्वरीने स्कॅनर जोडला. क्रमांक तोच होता. पण या वेळी तिने बटणाकडे बोट नेलं नाही. क्रमांकाखाली संगणकाने आपणहून टिपून ठेवलेली नोंद ती वाचू लागली. दिवा लागला तेव्हा वेग किती, इंजिन किती तापलेलं, त्याच्यावर जोर किती. दर वेळी दिवा विझवताना ही नोंदही पुसली जात होती, आणि ती पुसणारी ती स्वतःच होती. नोंद सांगत होती तेच बोंगाळ्यांनी सांगितलं होतं: वेग कमी, जोर भरपूर.

ती पुटपुटली, “जोर आला की इंजिन हलतं. हललं की…” आणि तिने बॉनेट उघडलं.

“दादा, ब्रेक घट्ट दाबून ठेवा. पहिला गिअर टाका आणि क्लच किंचित सोडा. अगदी किंचित.” ती गाडीच्या बाजूला उभी राहून आत पाहू लागली.

क्लच जरासा सुटला आणि अख्खं इंजिन तीन बोटं मागे कललं. इतकं कलायला नको होतं. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं, ज्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, त्यांतला एक आधार फाटला होता. आणि इंजिन कललं तशी धुराच्या सेन्सरकडे जाणारी गाडीची मूळ तार ताणून सरळ झाली.

“मिस्त्री, हे बघा!”

“मला या उन्हात सगळं धूसर दिसतंय,” ते म्हणाले. “तू बघ आणि मला सांग.”

इंजिन बंद करून तिने तार दोन बोटांत धरली. वरचं आवरण शाबूत होतं. पण एका जागी बोटांना आत काहीच लागेना. आतलं तांबं तुटलं होतं. ताण आला की टोकं सुटत, ताण गेला की पुन्हा जुळत. तिने ते सगळं जसं दिसलं तसं, सावकाश, मिस्त्रींना सांगितलं. मग तार सोलून जोडली, थोडी सैल ठेवली आणि वर टेप गुंडाळली.

“आता विझवायचा का दिवा?” बोंगाळ्यांनी स्कॅनरकडे बोट दाखवत विचारलं.

शर्वरीने स्कॅनर बंद केला. “नको, दादा. जोडणी खरी असेल तर दोनचार फेऱ्यांत तो आपणहून विझेल. आपण विझवला तर आपल्याला कळणार नाही. तोवर असू दे लागलेला. तो कशाचा आहे ते आता आपल्याला माहीत आहे. आधार मी उद्याच बदलते; तोवर गाडी फक्त सावकाश न्या.”

दिवा लागलेला असतानाच त्या दिवशी त्यांनी घाट ओलांडला, आणि वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं असताना स्वरा दारात उभी होती.

मुलगी आणि वडील आत गेले. बाहेरच्या बाकावर गुरू आणि शिष्या बसून राहिले. शर्वरी म्हणाली, “मिस्त्री, जुने भाग परत कशाला लावायला लावलेत? तार तर तशीही सापडली असती.”

“सापडली असती,” मिस्त्री म्हणाले. “मग तुला वाटलं असतं, चार पायऱ्या चढून पाचवीवर पोहोचले. तू एकही चढली नव्हतीस, पोरी. दिवा काहीतरी विचारत होता आणि तो गप्प बसेल एवढंच तू करत होतीस. अंदाज बांधायला हरकत नाही, मीही बांधतो. पण एका अंदाजावर दुसरा रचला की खालचा चुकला होता हे कळायची सोय राहत नाही. म्हणून ते सगळे उतरवले. बोंगाळे पहिल्या दिवशी जी गाडी घेऊन आले होते, ती मला पुन्हा समोर हवी होती. आणि तिच्यासमोर, अजून काहीच ठरवलेलं नसलेली तू हवी होतीस.”

आतून बाईंचा आणि स्वराचा आवाज आळीपाळीने येत होता. शर्वरी खाली मान घालून तो ऐकत राहिली.

परतीच्या वाटेवर, घाट उतरून झाल्यावर, ती बोंगाळ्यांना म्हणाली, “दादा, एक सांगायचंय. पहिल्या खेपेनंतर मला काही कळत नव्हतं. तरी मी ‘झालं’ म्हणत राहिले. मुलीला काम येत नाही असं लोक म्हणतील, याची भीती वाटली. तुमचे नऊ वर्ग त्यात गेले. माझं चुकलं.”

बोंगाळ्यांनी गिअर बदलला. “वर्ग गेले ते गेलेच, ताई,” ते म्हणाले. “ते परत येत नाहीत.” मग म्हणाले, “माप चुकलं की मीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगतो, कापडच आटलं. पुढच्या वेळी खरं सांगेन का, ते आज सांगता येणार नाही.”

फाउंडेशन दुसऱ्या दिवशी बदललं गेलं. दिवा तिसऱ्या फेरीला आपोआप विझला. स्वराचा ‘क’ यायला आणखी पुष्कळ आठवडे लागले. तो तिच्या आणि बाईंच्या कष्टांनी आला. पण त्यानंतरचा एकही वर्ग गाडीमुळे बुडाला नाही, आणि गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

गॅरेजमध्ये आता कधी कधी शर्वरीच्या तोंडून एक साधं वाक्य ऐकू येतं: “मला अजून कळलेलं नाही, बघून सांगते.” पहिल्यांदा ती हे म्हणाली, तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आलेला माणूस उठून जाईल असं तिला वाटलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, सावलीत बाक ओढला आणि बसत म्हणाला, “बघा सावकाश.”