नातालीनने मागितलेलं बाळ

माडवली गावाच्या टोकाला, जिथे माडांच्या सावल्या थेट वाळूवर पडतात, तिथे एका लहानशा कौलारू घरात नातालीन राहायची. नाताळच्या दिवसांत जन्मली म्हणून तिचं नाव नातालीन. ती रांगत होती तेव्हाच तिचे आईवडील देवाघरी गेले आणि आईच्या धाकट्या बहिणीने, कार्मेलमावशीने, तिला उचलून आपल्या घरी आणलं.

घरात भांडी थोडी होती आणि पेज पातळ असायची. नातालीनचा झगा मावशीच्या जुन्या लुगड्यातून शिवलेला होता. त्यावर निळी, पिवळी, डाळिंबी ठिगळं होती. ती मोगऱ्याच्या ताटव्यांतून चालू लागली, की लांबून वाटायचं, एखादं फुलपाखरूच चाललंय. मावशीचे यजमान पास्कोलकाका भल्या पहाटे वाडीत कळ्या खुडायला जात, तेव्हा टोपली धरायला तीही जायची. थंडीत दवाने बोटं गारठायची. मग काका तिचे हात आपल्या मोठ्या, खरखरीत हातांत घेऊन चोळायचे.

मावशीला आणि काकांना मूल नव्हतं. शेजाऱ्यांच्या अंगणात इवलीइवली झबली वाळत घातलेली दिसली, की मावशी चालता चालता थांबायची. मग पदर सारखा करून पुढे जायची. नातालीनला ते दिसायचं, पण ती काही विचारायची नाही.

गावाजवळच्या हिरव्या टेकडीवर पाळणामाउलीचं पांढरंशुभ्र चर्च होतं. तिथल्या वेदीवर मारियामायची मूर्ती बाळाला कडेवर घेऊन उभी होती. भाताची कापणी संपली की टेकडीवर सण भरायचा. रंगीत पताका फडफडायच्या, बँड वाजायचा. ज्यांना मूल हवं असायचं ती माणसं लांबलांबून यायची आणि मेणाचं चिमुकलं बाळ माउलीच्या पायाशी ठेवायची. मावशीही दर वर्षी मेणाचं बाळ ठेवायची आणि मुकाट्याने घरी यायची.

त्या वर्षी नातालीन पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर सणाला निघाली. टेकडी चढताना शेजारच्या लुसीबाय तिच्या सोबतीला होत्या.

"बाय गं," लुसीबाय म्हणाल्या, "मावशीला बाळ होऊ दे म्हणून तूही हात जोडणार का?"

"हो तर," नातालीन म्हणाली.

"वेडी आहेस. स्वतःचं बाळ झालं की तुला सिस्टरांच्या अनाथाश्रमात ठेवतील. एवढ्याशा घरात माणसं मावायची किती?"

लुसीबाय वाईट नव्हत्या. काही मोठी माणसं मुलांच्या तोंडाकडे न बघताच बोलतात, तसं त्या बोलल्या आणि पुढे निघून गेल्या. नातालीन मात्र तिथेच उभी राहिली.

चर्चच्या फाटकाशी मावशीने मेणाचं बाळ छातीशी धरलं आणि गुडघे टेकले. तिथून वेदीपर्यंत गुडघ्यांवर जायचा तिचा नवस होता. काका तिच्या बाजूने हळूहळू चालू लागले.

"तू मागच्या बागेत खेळ हं, बाय," मावशी म्हणाली. "घंटी वाजली की फुगे वाटतील. पोटभर खा."

फुगे म्हणजे तळलेले, गोडसर, गोलगोल पिठाचे गोळे. सकाळपासून नातालीनने काही खाल्लं नव्हतं.

चर्चमागची बाग रंगांनी नुसती भरून वाहत होती. केशरी अबोली, राणीरंगाची गुलबक्षी, लालचुटुक जास्वंद. मधोमध दगडी ओट्यावर लोकांनी लावलेल्या मेणबत्त्या मिणमिणत होत्या आणि त्यांचं वितळलेलं मेण ओट्याच्या कडेवरून ओघळून गोठलं होतं. त्या मेणात काहीतरी लुकलुकलं.

नातालीन वाकली. बोटाच्या पेराएवढी एक परी तिथे अडकली होती! तिचा झगा गुलबक्षीच्या पाकळीसारखा, केस सोनेरी परागांसारखे, आणि चतुराच्या पंखांसारखे तिचे पारदर्शक, झिलमिल पंख. त्यातला एक पंख मेणात रुतून बसला होता.

"ओढू नकोस," परी बारीक आवाजात म्हणाली. "फाटेल तो."

"नाही ओढत," नातालीन म्हणाली. तिने आपला तळहात गोठलेल्या मेणावर हलकेच ठेवला आणि ते उबेने मऊ होण्याची वाट बघू लागली. मऊ झालं की नखाने थोडंसं मेण काढायचं, पुन्हा हात ठेवायचा, पुन्हा थांबायचं.

तेवढ्यात घंटी किणकिणली. मुलं ओरडत, हसत पळाली. तळणीचा गोड वास बागेत आला.

"तू जा," परी म्हणाली. "फुगे संपतील."

"संपू देत. आत्ता हात काढला तर मेण परत घट्ट होईल."

शेवटी पंख सुटला, तेव्हा चर्चच्या अंगणातली फुग्यांची परात रिकामी झाली होती. परीने पंख झटकले आणि सोनेरी चुरा हवेत उधळला. ती नातालीनच्या करंगळीवर येऊन बसली.

"तुझी एक इच्छा मी पुरी करीन," ती म्हणाली. "पण नियम ऐक. इच्छा एकच. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत सांगायची, मोठ्याने आणि मनापासून. अर्ध्या मनाने सांगितलीस तर ती विरघळून जाईल. एकदा सांगितली की परत घेता येणार नाही. आणि पुरी होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही."

नातालीनने थोडा वेळ विचार केला. "मी कायम मावशीजवळच राहावं, असं मागता येईल?"

"येईल की."

"आणि मावशीला बाळ?"

"तेही येईल. पण दोन्ही नाही."

"बाळ मागितलं तर मी कुठे राहीन?"

"ते मला सांगता येत नाही," परी हळुवारपणे म्हणाली. "पुढचं आधी बघायचं नाही, हाही नियमच आहे."

नातालीन चर्चच्या बाजूच्या दारात जाऊन उभी राहिली. आत मावशी वेदीपाशी पोचली होती. गुडघ्यांजवळ तिचं लुगडं मळून फाटलं होतं. तिने मेणाचं बाळ माउलीच्या पायाशी ठेवलं, पण हात मागे घेतला नाही. त्या मेणाच्या इवल्याशा कपाळावरून ती बोट फिरवत राहिली, जसं नातालीनला ताप आला की तिच्या कपाळावरून फिरवायची. मागच्या बायका "चला, पुढे सरका" म्हणाल्या, तरी तिला ते ऐकू गेलं नाही. काकांनी तिला धरून उठवलं.

नातालीन बागेत परतली. ऊन कलून पिवळं झालं होतं. तिला रडू येत होतं, म्हणून तिने आधी रडून घेतलं. अर्ध्या मनाने सांगायचं नव्हतं ना! मग डोळे पुसून ती मोठ्याने म्हणाली, "माझ्या कार्मेलमावशीला बाळ होऊ दे."

परीने तिच्याकडे बघितलं, मान लववली आणि ती अबोलीच्या फुलांत दिसेनाशी झाली. वर घंटा वाजू लागली.

आंब्याला मोहोर यायच्या सुमाराला मावशीला उलट्या होऊ लागल्या. सुईण आली आणि हसत बाहेर पडली. काका अंगणात नुसतेच इकडून तिकडे फिरत राहिले. नातालीन पाणी भरू लागली, अंगण झाडू लागली, मावशीचे सुजलेले पाय चेपू लागली. ती आनंदात होती, आणि तिला भीतीही वाटत होती. दोन्ही गोष्टी ती कुणाला सांगू शकत नव्हती.

पावसाळ्याच्या शेवटी भात पोटरीला आलं तेव्हा मावशीला मुलगी झाली. गुलाबी, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. नातालीनने तिला डोळे भरून पाहिलं, तिच्या टाचेचा पापा घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन आपला दुसरा झगा एका फडक्यात बांधला.

ती दाराशी पोचली तेव्हा मावशीने खाटेवरून हाक मारली. "गाठोडं घेऊन कुठे गं?"

"आश्रमात," नातालीन म्हणाली. "सिस्टरांच्या. आता तुला तुझं बाळ आहे ना."

मावशी कोपरावर टेकून उठली. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला हे?"

नातालीनने गाठोडं घट्ट धरलं.

"इकडे ये. ते फडकं सोड आधी, मला दुपट्याला हवंय. आणि हिला धर. मान सांभाळ. मला जरा डोळा लागतोय, आणि तुझ्याशिवाय मी हिला कुणाकडे देऊ?"

नातालीनने बाळाला धरलं. मावशी खरंच झोपली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळा गाव टेकडीवरच्या चर्चमध्ये जमला. फादर नवीनच आले होते, त्यांना कुणाची ओळख नव्हती. त्यांनी बाळाकडे बघून हसत विचारलं, "तुमचं पहिलंच ना?"

"नाही, फादर," मावशी म्हणाली आणि नातालीनला पुढे ओढलं. "ही दुसरी. पहिली ही."

"पहिली ही," पास्कोलकाकाही म्हणाले, जरा मोठ्यानेच. मागच्या बाकावर लुसीबायनी मान खाली घातली.

बाळाच्या डोक्यावर गार पाणी पडलं आणि तिने भोकाड पसरलं. सगळे तिला शांत करायला वाकले. त्याच वेळी वरच्या खिडकीतल्या रंगीत काचांमधून ऊन आत आलं. फरशीवर निळे, हिरवे, माणकासारखे लाल कवडसे सांडले, आणि त्या कवडशांमध्ये परी तरंगत होती.

"तू मला मावशीसुद्धा दिलीस!" नातालीन कुजबुजली. "दोन्ही दिलंस!"

"नाही गं," परी म्हणाली. "मी एकच दिलं, बाळ. मावशी तुझीच होती."

तिचे पंख एकदा निळे झाले, एकदा लाल झाले. मग ऊन इतकं लख्ख झालं, की नातालीनला डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा फरशीवर नुसते रंग होते, आणि मावशी तिला हाक मारत होती, कारण बाळ दुसऱ्या कुणाकडे गप्प राहत नव्हतं.