विहिरीत पडलेला लाकडी हत्ती

फार जुनी गोष्ट आहे, बेडूक माणसांशी बोलत तेव्हाची. एका राजाने गावोगावी एकेक लाकडी हत्ती वाटला. कानात सांगाल ते काम हा हत्ती करी. सांगितल्याहून कमी नाही, जास्त नाही. हत्ती आला, पण तो चालवायला शिकवणारा माणूस काही आला नाही. राजांचं असंच असतं, आपण काय बोलणार?

एका गावात गोदू नावाची बाई पानमळा राखून होती. त्या वर्षी ऊन असं तापलं की पानवेली माना टाकू लागल्या. घागरींनी पाणी घालून घालून गोदू थकून गेली. गावपाटलांनी बजावलं, "गोदू, येत्या पौर्णिमेला मी मळा बघायला येणार. वाळलेला दिसला तर जमीन दुसऱ्याला देईन." मळ्यावाचून तिला दुसरा आधार नव्हता.

गावातल्या हत्तीला कोणी हात लावत नव्हतं. गोदूने तो मागून आणला. शेजारच्या गावी एका म्हाताऱ्याचा हत्ती झकास पाणी घालतो, असं तिच्या कानावर होतं. ती तिथे गेली, आजोबांची मनधरणी केली आणि त्यांचं सांगणं तोंडपाठ करून आली. आल्या आल्या तिने ते हत्तीच्या कानात घडाघडा म्हणून टाकलं. "बारा पावलं चाल. सोंड खाली घाल. पाणी भर..." आणि असंच बरंच काही.

हत्ती निघाला. गोदूची विहीर होती नऊ पावलांवर. दहाव्या पावलाला हत्ती धपकन विहिरीत!

गाव जमलं. दोर लावून हत्ती वर काढला आणि मग सगळे पोट धरधरून हसले. गोदूला रडूच कोसळलं. ती हत्तीला म्हणाली, "मेल्या, समोरची विहीर दिसत नाही का तुला?"

हत्तीच्या पाठीवर बसून एक बेडूकही वर आला होता. तो म्हणाला, "त्याला कशाला बोलतेस, बाई? तू बारा म्हणालीस, तो बारा चालत होता. ही बारा पावलं आणलीस कुठून?"

"आजोबांच्या मळ्यातून."

"आणि विहीर कोणाची?"

गोदूने वळून आपल्या विहिरीकडे पाहिलं. विहिरीतला बेडूक म्हणून लोक त्याला हिणवत, पण आपली विहीर त्याला दगडन् दगड ठाऊक होती. तो म्हणाला, "आता एकच गोष्ट सांग. ती जमली की मग दुसरी."

गोदूने पावलं मोजली. त्या दिवशी हत्ती फक्त आठ पावलं चालला आणि काठावर थांबला. एवढ्यानेच तिला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी त्याने सोंड भरली आणि सगळं पाणी गोदूच्याच अंगावर सोडलं, कारण वळायला सांगायचं ती विसरली होती. बेडूक हसून हसून उताणा पडला, आणि मग गोदूही हसली. तिसऱ्या दिवशी हत्ती वळला, पण एकाच वेलीला न्हाऊ घालत बसला. गोदू आता त्याला शिव्या देत नव्हती. 'माझं काय सांगायचं राहिलं?' असं स्वतःला विचारून ती तेवढंच जोडायची. बाकीच्या वेलींना घागरी चालूच होत्या.

पौर्णिमेला पाटील आले. कडेची एक ओळ वाळून गेली होती, ती काही वाचली नाही. बाकीच्या वेलींना मात्र कोवळी पानं फुटली होती, आणि हत्ती एकेका वेलीपाशी थांबून पाणी घालत होता.

पाटील बघतच राहिले. "मळा तुझाच, गोदू. पण हे तुला शिकवलं कोणी?"

"या हत्तीनेच, पाटीलबाबा. तो चुकला की माझं काय चुकलं ते मला कळायचं."

म्हणून सांगतो, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो: दुसऱ्याचं पाठ करून विद्या येत नाही, थोडं थोडं करून पाहावं, चुकावं आणि आपली चूक आपणच शोधावी, तेव्हा ती येते.