दुखण्याचा संकल्प

“अक्का, मी बोललेला नवस देवीच्या कानापर्यंत पोचलाच नसेल का?”

वैजयंतानं बसायच्या आधीच विचारलं. बावन्न पायऱ्या अनवाणी चढून आली होती. धाप लागली होती, पण प्रश्न आधी.

टेकडीवरच्या देवीच्या मठात अक्का वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काय बोलली होतीस?”

“‘माझ्या केतकीचं दुखणं माझ्या पोटात घाल, अकरा मंगळवार मीठ सोडते.’ झाले की अकरा! मग चप्पल सोडली. मग साखर. पोरीचं दर महिन्याचं पोट दुखणं काही थांबेना.”

“आणि तुझं?”

“माझं बी.पी. तेवढं उतरलं.”

अक्कांनी एक वाल टोपलीत टाकला.

गावात व्रतवैकल्याचं काहीही अडलं की बायका वैजयंताकडे धाव घ्यायच्या. कुठल्या उपासाला भगर चालते, कुठल्याला नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. अशा बाईचा नवस वाया जावा म्हणजे थोडी लाजच. पण आज लाजेपेक्षा भीती मोठी होती. दहावीच्या पूर्वपरीक्षेत केतकी बाकावरच कोसळली होती. बोर्डाचा पहिला पेपर महिन्यावर आला होता, आणि बोटांवर मोजून पाहिलं तर नेमका त्याच दिवसांत.

“आणखी काय सोडू, तेवढं सांगा. पेपर निभावले पाहिजेत.”

“पोर कुठाय?”

“खाली, पहिल्या पायरीवर. वर कशी आणू? आजच तर… अडचण आहे तिची.”

अक्कांनी पुढची शेंग उचलली.

“संकल्प कसा सोडतात गं?”

वैजयंता खुलली. “आधी संवत्सर, मग अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग गाव, गोत्र, नाव. आणि मग काय हवं ते.”

“एवढा पत्ता कशाला?”

“घोटाळा नको व्हायला!”

“मग पोरीचं दुखणं मागितलंस, त्याचा पत्ता दिलास? पोटात नेमकं कुठं?”

“कुठं म्हणजे… असतं तिथंच. बाईच्या जातीला जिथं दुखतं तिथं.”

“आणि देवीनं भलतीचंच आणून घातलं तुझ्या पोटात, तर? जा, विचारून ये.”

“आत्ता? बावन्न पायऱ्या आहेत, अक्का!”

“नवस तुझा आहे. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस.” अक्कांनी स्वतःच्या कमरेमागची गरम पाण्याची रबरी पिशवी काढून तिच्या हातात दिली.

केतकी गुडघे छातीशी ओढून पायरीवर बसली होती. चेहरा पांढराफटक.

“काय सोडायला सांगितलं आता? भात?”

“गप. अक्कांनी विचारलंय, नेमकं कुठं दुखतं.”

केतकीनं डोळे उघडले. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“बेंबीच्या खाली. तू ओली चादर दोन्ही हातांनी पिळतेस ना, तसं. मग कमरेत जातं, मग मांड्यांत उतरतं.”

वैजयंता वर आली. चादरीसकट सगळं सांगितलं.

“केव्हा सुरू होतं, केव्हा थांबतं?”

“असेल दोनेक दिवस.”

“असेल? एकादशी तू ‘असेल’ म्हणून सोडतेस?”

वैजयंताला ते लागलं. “पारणं मी घड्याळ बघून करते!”

“मग घड्याळ घेऊन जा. आणि हा आल्याचा चहा ने.”

या वेळी खाली तिनं पूजेच्या पिशवीतली हळदीकुंकवाची एक आमंत्रणपत्रिका उलटी केली आणि पेन घेऊन बसली. केतकी चहा फुंकत सांगत होती. आदल्या संध्याकाळी सुरू होतं. पहिला दिवस अख्खा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दोन वर्षं झाली, पण दिवाळीपासून फार वाढलंय.

“आणि आई, त्या दिवशी मी उपाशी होते म्हणून नव्हते पडले. तू आळीभर तेच सांगत सुटलीस. दोन पोळ्या खाल्ल्या होत्या मी. त्याही उलटून पडल्या.”

वैजयंतानं ‘दोन पोळ्या’ लिहिलं. जरा वेळानं ते खोडून ‘उलट्या’ लिहिलं.

वर अक्कांचे वाल सोलून संपले होते.

“रक्त किती जातं? पॅड किती वेळानं बदलावा लागतो?”

वैजयंताच्या हातातलं पेन खाली पडलं. “अहो अक्का! मठात?”

“देवी काय बुवा आहे?”

गेली बिचारी पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला उभं राहवेना, म्हणून केतकीच्या शेजारीच बसली. केतकीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बोटांवर तास मोजून सांगितले.

“पुढचा प्रश्नही आत्ताच विचारून टाक,” ती म्हणाली, “नाहीतर बोर्डाच्या आधी तुझे गुडघेच जायचे.”

पुढचा प्रश्न वैजयंताला ठाऊक नव्हता. तिनं स्वतःच्याच मनानं विचारला.

“भीती वाटते का गं तुला?”

“…पेपरची नाही. सगळ्यांसमोर पुन्हा पडेन याची. आणि मग तू म्हणशील, ‘आम्हालाही व्हायचं, आम्ही नाही गवगवा केला.’”

वैजयंतानं तेही लिहिलं.

वर पोचल्यावर ती उंबऱ्यातच गोठली.

“अक्का! मी तिला शिवले. खांद्यावर डोकं होतं तिचं… आणि तशीच आले!”

अक्कांनी गाभाऱ्याकडं पाहिलं. वैजयंतानंही पाहिलं.

“काही म्हणाली का देवी?”

“…नाही.”

“मग वाच.”

वैजयंता वाचू लागली. सवयीनं पूजेचाच सूर लागला. बेंबी, कंबर, मांड्या, तिथीसारखे तास, उलट्या. शेवटची ओळ मात्र तिनं सूर सोडून वाचली.

“तुलाही व्हायचं?” अक्कांनी विचारलं.

“व्हायचं.”

“एवढं?”

वैजयंतानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“आठवत नाही, अक्का. मला कुणी विचारलंच नाही.”

अक्कांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

मग तिनं पदरानं डोळे पुसले, तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि ताठ बसली. “आता पत्ता पुरा आहे. सोडते संकल्प. येऊ दे सगळं माझ्या पोटात.”

“पिऊन टाक ते पाणी. दमलीस.”

“आणि संकल्प?”

“देवीला हे आधीपासून ठाऊक आहे. फाट्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना नाही. त्या पाचपर्यंत असतात. तिथं वाच, एक अक्षर न गाळता.”

“पण सगळ्या म्हणतात, लग्न झालं की आपोआप थांबतं…”

“मग बोर्डाच्या आधी लग्न उरकतेस पोरीचं?”

वैजयंता ते पाणी प्यायली. उठली, पण उंबऱ्याशी पुन्हा वळली. काही न सोडता परत जायचं, हे तिला जमेना.

“निदान मीठ तरी चालू ठेवू का?”

“आज आमटीत घाल. घरचे दुवा देतील.”

अक्का काठी घेऊन तिच्यामागोमाग निघाल्या. फार दिवसांनी त्या पायऱ्या उतरत होत्या, एकेक करत. खाली रिक्षा थांबवली होती. वैजयंता लंगडत पुढं झाली, कागद मुठीत घट्ट. केतकी गरम पाण्याची पिशवी परत द्यायला लागली, तेव्हा अक्कांनी ती पुन्हा तिच्याच पोटाशी लावली.

“दवाखान्यात तुझं सांगून झालं, की हिलाही विचार, पोरी. नेमकं कुठं दुखतं, केव्हापासून… आणि उत्तर येईपर्यंत थांब.”