कमळजेचे घटिकापात्र

एका राज्यात राजाही दगडाचा होता आणि विणकरही. झाले असे की कालकेतू मांत्रिकाने भर दरबारात राजा चंद्रध्वजाची शिळा केली, चौकात रेशमाचा डोंगर ओतला आणि म्हटले, “गुंता सोडवा, मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवा, शेला विणा. तो शेला राजाच्या खांद्यावर पडला की शाप सुटेल. हात थांबला तर चालेल. चुकला, तर ज्याचा हात तो दगड.”

एकामागून एक सतरा विणकर बसले. नावाजलेले खरे, पण एकेक हट्टी! एकदा बैठक मारली की अन्नपाण्यालाही उठायचे नाही, ही त्यांच्या पेठेची रीत. तिसऱ्या प्रहरी डोळ्यांपुढे धागे नाचू लागत, बोट चुके आणि गडी जागच्या जागी दगड होई. सतरावा होता सखाजी. त्याची बायको कमळजा त्याच्या थंडगार कपाळावर हात ठेवून ढसाढसा रडली. मग पदर खोचून उठली.

जोशीबुवा लग्नाची वेळ मोजायला ठेवत ते घटिकापात्र तिने मागून आणले. तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढे छिद्र. पाण्यावर सोडली की घटकाभरात भरून बुडते. वाटी तरंगते आहे तोवर कमळजा मान वर करीत नसे. बुडाली की धागा खाली ठेवी, पाणी पिई, दूरच्या टेकडीकडे नजर सोडून देई. चार वाट्या बुडाल्या की कडुनिंबाखाली भाकर खाऊन चक्क आडवी होई.

“नवरा दगड झाला आणि ही झोपा काढते!” बाया पदराआड हसल्या. हसोत बापड्या. पाचव्या दिवशी गुंता सुटला, नवव्या दिवशी ताणा चढला, आणि विसाव्या दिवशी शेल्याचा वीतभर काठ तेवढा उरला.

तेव्हा मांत्रिकाची साळुंकी मागावर येऊन बसली. म्हणाली, “कमळजे, वीतभरच राहिले. आता कशाला उठतेस?”

तेवढ्यात वाटी बुडाली. कमळजेचा जीव तीळतीळ तुटला. समोर सखाजी, मध्ये फक्त वीतभर रेशीम!

“आता उठले नाही तर अठरावी मी,” ती म्हणाली, आणि उठली. एवढे मन आवरणे भल्याभल्यांना जमले नसते.

टेकडी पाहून ती परतली, तो काय! बोलता बोलता साळुंकीने ताण्यातला एक धागा चोचीने सरकवून ठेवला होता. शिणलेल्या डोळ्यांना तो दिसलाच नसता. कमळजेने तो जागी बसवला, वाटी पुन्हा पाण्यावर सोडली आणि ती बुडायच्या आत काठ पुरा केला.

शेला खांद्यावर पडताच राजाने श्वास घेतला. मांत्रिकाचा धूर झाला, साळुंकी मुकी झाली, दरबार पुन्हा भरला. चौकात सतरा विणकर डोळे चोळत उठले. सखाजीने उठताक्षणी मागाकडे हात टाकला.

“सरक, राहिलेले काम उरकतो.”

“काम झाले,” कमळजा म्हणाली. “आधी दोन घास खाऊन घ्या.”

आणि सखाजी, जन्मात पहिल्यांदा, दिवसाउजेडी निवांत जेवायला बसला.