इनासबायनं देवळाला दिलेल्या वाडीची कहाणी

ऐका देवमाते माउली, तुमच्या वाडीची कहाणी. खाडीकाठी एक आटपाट गाव होतं. एका अंगाला मिठागरं, एका अंगाला केळीच्या बागा. विहिरी पुष्कळ, पण पाणी सगळ्यांचं मचूळ. गोडं पाणी एकाच विहिरीला. ती विहीर इनासबायच्या वाडीत.

एके वर्षी गावात पटकी आली. इनासबायचा नवरा गेला, थोरला गेला, मधला गेला. धाकटा तेवढा उरला. घराघरात मढी, पुरायला जागा नाही, रडायला माणूस नाही. मग तिनं काय केलं? पदर खोचला, देवळात गेली, पाद्रीबाबांना म्हणाली, "बाबा, माझी वाडी मी देवमातेला दिली. विहिरीसकट दिली, झाडामाडांसकट दिली."

पाद्रीबाबा म्हणाले, "बाय, बदल्यात काय मागतेस?"

"तीन शब्द मागते. विहिरीचं दार लावू नका, तहानलेल्याला नाव-गाव विचारू नका. ज्याला कुणी नाही असा माणूस मेला, तर त्याला या मातीत जागा द्या, घंटा वाजवून द्या. आणि दर वर्षी आजच्या दिवशी, पटकीत गेलेल्या सगळ्यांसाठी देवळात मिस्सेची प्रार्थना करा."

पाद्रीबाबांनी कागद केला, वेदीवर हात ठेवला, म्हणाले, "देऊळ आहे तोवर शब्द आहे."

मग इनासबायनं आपल्या घरालाही वसा लावला. दर वर्षी त्या दिवशी घरच्या सुनेनं पहिली घागर ओढावी, आल्यागेल्याला पाजावी, मग आपण घोट घ्यावा. देवळानं शब्द पाळावा, घरानं वसा पाळावा.

एक पिढी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. शब्द चालला, वसा चालला. इनासबायचं घर मात्र गरीब झालं. चौथ्या पिढीत सिमाव होता, तो बांबूच्या टोपल्या विणी. त्याची बायको पावलीन. लग्न होऊन आली तशी सासूनं तिला विहिरीवर नेलं, दोर हातात दिला. म्हणाली, "सूनबाय, या घरात सोनं नाही, नाणं नाही. एक वसा आहे. तो तुझा." पुढं सासू वारली. पावलीन वसा चालवू लागली.

मग काय झालं? देवळात नवे फादर आले, फादर रोमाल्द. भले होते, पण गावात नवे. देवळाचा कारभार पाही लादरू मुकादम. त्याच्या अंगणात स्वतःची विहीर, दारात मोटार. फादरांनी विचारावं आणि मुकादमानं सांगावं, अशी रीत पडली.

दानाचा दिवस जवळ आला. पावलीन देवळात गेली. "फादर, उद्या आमच्या इनासबायच्या दानाचा दिवस. मिस्सा किती वाजता?"

फादरांनी मुकादमाकडं पाहिलं. मुकादम म्हणाला, "उद्या वाडीत लग्नाच्या हॉलचा पाया घालायचा आहे, पाहुणे येणार. मेलेल्यांना काय घाई? पुढच्या वर्षी बघू."

पावलीन घरी आली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरात पुसलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली, पहिली घागर ओढली, आल्यागेल्याला पाजली. वसा पाळला. मिस्सा मात्र झाली नाही. बायांनो, पटकीत गेलेल्यांचं नाव त्या वर्षी कुणी घेतलं नाही! ज्यांच्यापायी ही वाडी दिली, त्यांचंच नाव नाही!

हॉल उभा राहिला. लग्नं लागू लागली, बँड वाजू लागले. एक दिवस पावलीन घागर घेऊन गेली, तर वाडीला लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. ती तशीच देवळात गेली.

"फादर, विहिरीच्या वाटेला कुलूप कुणी घातलं?"

मुकादमच बोलला. "मी घातलं. लग्नाच्या मांडवापुढनं बाया घागरी घेऊन जातात. बरं दिसतं का? तुम्हाला नळ आहे की."

"नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही मचूळ. गोडं पाणी तुमच्या घरचं नाही मुकादम, आणि माझ्याही घरचं नाही. दिलेलं आहे. दिलेल्याला कुलूप लावतात का?"

"दिलंत ना? मग देवळाचं झालं. देवळानं काय करावं ते तू नको शिकवू."

पावलीन म्हणाली, "कागद आहे. कागद काढा."

"कागद वाळवीनं खाल्ला," मुकादम म्हणाला.

गावच्या बाया दूरच्या गावाला पाण्याला जाऊ लागल्या. उन्हात तास जायचा, तास यायचा. कुंभाराच्या गल्लीतली सेसिल पोटुशी होती, ती वाटेत बसली, तिला उठवेना. चार बायांनी तिला उचलून घरी आणली. आणि इकडं हॉलच्या बागेत काय? कारंजं! गोड्या विहिरीचं पाणी हवेत उडतंय, पाहुणे फोटो काढताहेत! पावलीनचं काळीज पेटलं.

तिसऱ्या खेपेला तर कहरच झाला. गावच्या धक्क्यावर एक म्हातारी होती, मोनूबाय. खाडीत उतरून तिसऱ्या-शिंपल्या काढी, वाट्यावर विकी. कुठून आली ठाऊक नाही, मागं-पुढं कुणी नाही. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. एके सकाळी ती उठलीच नाही. सिमाव टोपल्या घेऊन धक्क्यावर गेला होता, त्यानं पाहिलं, पावलीनला हाक मारली. दोघांनी तिला आंघोळ घातली. पावलीननं आपल्या लग्नातलं लुगडं काढलं, ते नेसवलं. मग सिमाव देवळात गेला. रित्या हातानं परत आला.

"मुकादम म्हणतो, देवळाच्या वहीत हिचं नाव नाही. आपल्या गावची नाही. खाडीपलीकडं न्या."

आता पावलीन उठली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "एक शब्द मोडला, मी गप्प बसले. दुसरा मोडला, मी नुसती विचारत राहिले. तिसरा मोडला तर इनासबायनं दिलं काय आणि यांनी घेतलं काय? उचला."

सिमावनं तिरडीचं एक टोक धरलं, पावलीननं दुसरं धरलं. धक्क्यावरच्या दोघी कोळणी धावल्या, त्यांनी खांदा दिला. तिरडी निघाली ती थेट वाडीच्या फाटकाशी आली. फाटकापुढं त्यांनी मोनूबायला खाली ठेवलं आणि पावलीन उशाशी बसली.

गावात बातमी गेली. एक बाई आली, रिकामी घागर घेऊन आली. दुसरी आली, रिकामी घागर घेऊन आली. सेसिल आली, तान्ह्याला कडेवर घेऊन आली. बघता बघता सगळी वाट घागरींनी भरली. आत हॉलमध्ये लग्नाची तयारी चालली होती.

मुकादम धावत आला. "हे काय मांडलंय? नवरीची गाडी येतेय! मढं हलवा!"

पावलीन म्हणाली, "नवरीला सुखी राहू दे. तिला सांगा, वाट अडवली ती आम्ही नाही. कुलूप तुमचं आहे."

"पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा. त्यांनाही तहान लागेल. त्यांनाही विचारू दे, पाणी कुठं आहे."

तेवढ्यात फादर रोमाल्द आले. म्हणाले, "पावलीन, बाय, हिला घरी ने. संध्याकाळी आपण काहीतरी करू."

"फादर, हेच हिचं घर. ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी ही माती दिली. तुम्ही रोज त्या वेदीवर हात ठेवता. त्याच वेदीवर हात ठेवून तुमच्या आधीच्या बाबांनी शब्द दिला. तुम्ही तो वाचला तरी का? एकदा तरी कपाट उघडलंत का?"

फादरांचा चेहरा उतरला. ते मागं वळले, देवळात गेले. मुकादम मागनं म्हणत राहिला, "फादर, वाळवी, वाळवी..." फादर थांबले नाहीत.

बराच वेळ गेला. ऊन चढलं. मग फादर बाहेर आले, हातात कागद. कडा पिवळ्या पडलेल्या, पण अक्षर शाबूत! वाळवीनं एक टिंबसुद्धा खाल्लेलं नव्हतं. फादरांनी उभ्यानं, सगळ्यांसमोर तो वाचला. पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. मग शेवटची ओळ आली. लिहिलं होतं, 'हे शब्द मोडाल तर वाडी देवळाची नव्हे.'

फादर मुकादमाला म्हणाले, "किल्ली द्या."

"फादर, लग्न..."

"किल्ली द्या."

मुकादमानं किल्ली टाकली आणि तो निघून गेला. फादरांनी आपल्या हातानं फाटक उघडलं. मग झगा खोचला, कुदळ घेतली, सिमावच्या जोडीनं मोनूबायची जागा खणली. घंटा वाजली. नवरीची गाडी आली ती बाहेर थांबली. नवरी खाली उतरली, तिनं हातातली फुलं मोनूबायवर वाहिली. पटकीत गेलेल्यांसाठी मिस्साही त्याच दिवशी झाली.

मग फादर पावलीनला म्हणाले, "बाय, मला माफ कर."

पावलीनचा राग उतरला नव्हता. ती म्हणाली, "माझी माफी कशाला मागता? ज्या बाया उन्हात तास तास चालल्या, त्यांची मागा."

दुसऱ्या सकाळपासून फादरांनी घागर उचलली. रोज गोडं पाणी ओढावं, खांद्यावर घ्यावं, एकेका घरी पोचवावं. सगळी घरं झाली, तेव्हाच ते थांबले. हात सोलले, पण थांबले नाहीत.

पुढं वैशाखात मुकादमाच्या विहिरीचं मचूळ पाणी पार खारं झालं. त्याची बायको घागर घेऊन आली, लांब उभी राहिली. मान खाली घालून पावलीनला म्हणाली, "आम्हाला मिळेल का पाणी?"

सगळ्या बाया पावलीनकडं बघू लागल्या. पावलीननं दोर तिच्या हातात दिला. म्हणाली, "इथं विचारायचं नसतं. भरायचं असतं."

जशी देवमाता पावलीनला बळ देती झाली, तशी तुम्हाआम्हाला देवो. दिलेला शब्द मोडायची बुद्धी कुणाला न होवो, आणि कुणी मोडलाच तर विचारायची जीभ आम्हाला देवो. ही साठां शब्दांची कहाणी, तीन शब्दांत पुरी. ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, सुफळ संपूर्ण.