तीन चोक बारा का?

एका राज्यात त्र्यंबक नावाचे पंतोजी होते. त्यांच्या शाळेतली मुलं पावकी, निमकी, अडीचकीचे पाढे एका दमात म्हणत. जो अडखळे, त्याच्या पाठीवर छडी उमटे. राजा सुप्रतीकाची एकुलती कन्या चित्रांगीही तिथेच शिके.

एके दिवशी डोंगरावरची योगिनी शाळेपाशी थबकली. पाढ्यांचा घोष ऐकून म्हणाली, "ही मुलं नव्हेत, पोपट आहेत." बसल्या जागी चाळीस मुलांचे चाळीस पोपट झाले. पाढे मात्र थांबले नाहीत.

राजा म्हणाला, "पंतोजी, मुलं तुमच्या हवाली होती. परत आणा."

पंतोजी डोंगर चढून गेले. योगिनी म्हणाली, "एकोणतिसाचा पाढा उलटा म्हण." त्यांनी म्हटला. "शिळेवरचा भागाकार सोडव." सोडवला.

"आता सांग. तीन चोक बारा, चार त्रिकही बाराच. का?"

"पाढ्यात तसंच आहे, माते."

"का, ते विचारलं. उत्तर शोध आणि तुझ्या पोपटांना सांग."

पंतोजींची मान खाली गेली. हाच प्रश्न एकदा सात वर्षांच्या गोजरेनं विचारला होता. "कुंभाराच्या पोरीला गणित कशाला?" असं म्हणून त्यांनी तिला भर वर्गात अंगठे धरायला लावले होते. सारे हसले होते. ती पुन्हा शाळेत आली नाही.

ते कुंभारवाड्यात गेले. गोजरा आता मोठी बाई झाली होती. चाक थांबवून ती उठली. "या, पंतोजी."

त्यांना वर बघवेना. "गोजरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही येत नव्हतं. म्हणून तुला हिणवलं."

तिनं बारा पणत्या मांडल्या, चार-चारच्या तीन ओळी. पंतोजींना बाजूला नेऊन म्हणाली, "आता इथून मोजा."

तीन-तीनच्या चार ओळी! पणत्या त्याच होत्या.

"तुला हे कधी उमगलं?"

"त्याच दिवशी. सांगायला कोणी नव्हतं."

भर दरबारात पंतोजींनी पोपटांपुढे पणत्या मांडल्या आणि राजादेखत म्हणाले, "मला हे ठाऊक नव्हतं. जिला मी शाळेतून घालवलं, तिनं शिकवलं."

पाढे थांबले. एका पोपटानं मान वाकडी करून विचारलं, "मग पाच सक तीस नि सहा पाचे तीस, हेही असंच का?" आणि तिथे चित्रांगी उभी होती. मागोमाग एकेक मूल उठलं.

राजानं शाळा गोजरेच्या हाती दिली. पंतोजीही तिच्या हाताखाली शिकवू लागले. कुणी "का?" विचारलं, की त्यांची नजर आधी जमिनीला खिळे. मग ते म्हणत, "चल, मांडून पाहू."